आईचा तन्मणी: बँकेच्या लॉकरपासून पटवेकऱ्याच्या पाटापर्यंत

"आमच्याकडेही आजीची मोत्यांची माळ पडून आहे, खरी की खोटी देव जाणे." आईचा तन्मणी, म्हणजे मोत्यांचा जुना गळ्यातला दागिना, मी तपासून नव्याने ओवून घेतला. त्याचा विषय निघाला की समोरून हे वाक्य ठरलेलं. मग पुढचे प्रश्न: कुणाला दाखवायची, मुंबईला न्यावी लागते का, खर्च किती, सराफ फसवत नाही ना? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकावं म्हटलं. माझा दागिन्यांचा अभ्यास नाही. जे केलं, जे विचारून समजलं, तेवढंच इथे आहे.

दागिना असा: तीन पदरी तन्मणी. बारीक मोती, मधे लाल खड्यांचं खोड, म्हणजे जडावाचं पदक, मागे रेशमी दोरी आणि गोंडा. आजीला तो १९३७ साली लग्नात मिळाला, आजीकडून आईकडे आला. आईने तो घातलेला मला मोजक्याच लग्नांत आठवतो, कारण "दोरा कच्चा झालाय" हे तिचं कायमचं पालुपद. दोरा बदलून मात्र कधी घेतला नाही. कुणाच्या हाती द्यायचा, हाच प्रश्न तिलाही पडलेला असणार.

आई ऑगस्ट २०२३ मध्ये गेली. तन्मणी बँकेच्या लॉकरमध्ये होता, त्यामुळे सुरुवात झाली ती मृत्यूच्या दाखल्यापासून. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर तिकडूनच महापालिकेला कळवतात. आम्हाला दाखला मनपाच्या विभागीय कार्यालयातून मिळाला. एकदम आठ प्रती काढल्या तेव्हा दादा हसला होता, पण बँक, विमा, पेन्शन, गॅस करता करता सगळ्या संपल्या. काउंटर सोडण्याआधी दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर तपासा. आईचं नाव दाखल्यावर आधारप्रमाणे आलं आणि बँकेत लॉकर होता जुन्या पद्धतीने लिहिलेल्या नावावर. एका वेलांटीचा आणि मधल्या नावाचा फरक. त्यासाठी "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तेव्हा ते शंभराच्या मुद्रांकावर व्हायचं, नोटरीचे वेगळे.

बँकेचं नाव लिहीत नाही. लॉकरवर नामनिर्देशन माझं होतं, तरी पहिल्याच भेटीत सांगण्यात आलं की कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा, त्याशिवाय लॉकर उघडता येणार नाही. कोर्टाचं नाव ऐकून मी पार गळाले. घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. मग बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२१ चं परिपत्रक काढून दिलं. लॉकरबद्दलचे हे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. नामनिर्देशन असेल आणि त्यात काही विसंगती नसेल, तर बँकेने उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट (मृत्युपत्रावरचं कोर्टाचं शिक्कामोर्तब) किंवा हमीपत्र मागू नये, असं त्यात स्पष्ट आहे. कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, हेही आहे. ते पान छापून, ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून नेलं. वाद घातला नाही, फक्त पान पुढे सरकवलं. साहेबांनी ते वाचलं, आत जाऊन आले आणि म्हणाले, "ठीक आहे मॅडम, दावा अर्ज भरा."

तरी वेळ गेलाच. दिवाळी आली, साहेब बदलले, नवीन साहेबांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. लॉकर उघडला डिसेंबरात. एक गोष्ट इथेच सांगते, कारण घराघरांत यावरून बिनसतं: नामनिर्देशन असलेल्याला वस्तू ताब्यात मिळतात, त्याने तो मालक होत नाही. वारसांचा हक्क तसाच राहतो. म्हणून दादाला सुट्टी काढून पुण्याहून बोलावून घेतलं. त्याची सही बँकेला नको होती, मला तो समोर हवा होता.

लॉकर उघडताना बँकेशी संबंध नसलेले दोन साक्षीदार लागतात आणि प्रत्येक वस्तूची यादी होते. आमचे शेजारी आणि मावशीचे यजमान साक्षीदार. तन्मण्यापुढे अधिकाऱ्यांनी लिहिलं: "पांढऱ्या मण्यांची तीन पदरी माळ, मध्ये लाल खडे, पिवळ्या धातूचे कोंदण, नग १." मावशी भडकली. "पिवळा धातू म्हणे! माझ्या ताईचं सोनं आहे ते, तुमचा पिवळा धातू नव्हे." अधिकारी समजूतदार होते. म्हणाले, "मावशी, सोनं आहे असं मी लिहिलं तर ते बँकेनं तपासून लिहिलं असा अर्थ होईल. दिसतं तेवढंच लिहायचं असतं." तुमच्या यादीतही असंच लिहितील, मनाला लावून घेऊ नका. मात्र पदर किती, खडे किती, तुटकं काय, हे यादीत यायला हवं. आम्ही खोडाचा एक खडा हलतो हेही लिहून घेतलं.

घरी आणून पांढऱ्या पंचावर ठेवला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. रेशीम काळं पडून ताठर झालेलं. मोती एकसारखे नव्हतेच. पुढचे बहुतेक सायीच्या रंगाचे, किंचित पिवळट, आणि जवळून पाहिलं तर पूर्ण गोल नाहीत, कडेने झिजून थोडे पिंपासारखे झालेले. मानेकडचे जरा जास्त गोल, जास्त पांढरे. आणि आतल्या पदरात काही मोती असे की वेजाच्या, म्हणजे ओवायच्या भोकाच्या, तोंडाशी त्यांची साल निघत होती आणि खाली काचेसारखं काहीतरी चकाकत होतं.

या टप्प्यावर माळ उचलून धरायची नाही, गळ्यात घालून आरशात तर मुळीच बघायचं नाही. जुनं रेशीम कधी तुटेल सांगता येत नाही आणि तीन मिलिमीटरचा मोती फरशीवरून कपाटाखाली गेला की गेलाच. मी खाली मलमल घालून सपाट डब्यात ठेवला, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले, प्रत्येक पदराचे मोती मोजून लिहिले. एकूण २८६. हा आकडा पुढे प्रत्येक पावतीवर लिहून घेतला.

मग नातेवाइकांच्या परीक्षा सुरू झाल्या. एकीने सांगितलं, दातावर घासून बघ, खरबरीत लागला तर खरा. दुसरीने सांगितलं, लिंबाच्या रसात टाक. तिसरीने काडी पेटवायला सांगितली. लिंबू आणि काडी दोन्ही सोडून द्या. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, व्हिनेगर, घाम, अत्तर, सगळं त्याला खातं. परीक्षा होईल आणि मोतीही जाईल. दाताची परीक्षा काच आणि मोती यांत थोडाफार फरक दाखवते, पण कल्चर, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम मणी घालून वाढवलेल्या, मोत्यावरही खरा मोत्याचा थर असतो, तोही खरबरीतच लागतो. म्हणजे मूळ प्रश्न तिथेच. रिठ्याच्या पाण्यात धुवायचा सल्लाही आला. आजी तसंच करायची म्हणे. पण जुन्या दोऱ्यावर पाणी नको आणि खोडाला तर नकोच नको, म्हणून तोही बाजूला ठेवला.

जानेवारीत सराफ बाजार. आधी १२ तारखेला जायचं ठरलं होतं, पण त्या दिवशी युवा महोत्सवासाठी पंतप्रधान नाशकात, निम्मे रस्ते बंद. संक्रांत झाल्यावर गेले. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने माळ बघितली न बघितली आणि म्हणाला, "ठेवून जा, पॉलिश करून देतो, नव्यासारखी चमकेल." दुसऱ्या ठिकाणी फार गोड बोलले. ही माळ जुनी, निस्तेज, तुम्ही घालणार नाही. आम्ही ठेवून घेतो आणि तुम्हाला कल्चर मोत्यांची नवी कोरी तीन पदरी माळ देतो, वर पैसेही नकोत. चहासुद्धा मागवला. फुकटात कुणी जुनं घेऊन नवं देत असेल, तर त्याला जुन्यात काहीतरी दिसलंय, एवढं कळायला सराफ व्हावं लागत नाही. चहा पिऊन निघाले.

पॉलिशबद्दल नंतर एका जुन्या सराफांनी समजावलं. सरकारवाड्याच्या बाजूच्या गल्लीत त्यांची लहानशी पेढी आहे, आता मुलगा बसतो, ते स्वतः दुपारी तासभर येतात. मोत्याचं पाणी त्याच्या वरच्या थरांतूनच येतं आणि हे थर मऊ असतात. हवेतली धूळसुद्धा मोत्यापेक्षा कठीण. घासलं की थर जातो, गेलेला परत येत नाही. जुना मोती सोलून आतला चांगला थर काढणारे कारागीर पूर्वी असत, पण तो एकेका मोठ्या मोत्याचा जुगार. माळेवर करायचं काम नव्हे.

त्यांनी भिंग लावून पहिल्यांदा कुठे पाहिलं असेल तर वेजाच्या तोंडाशी. मलाही दाखवलं. साल निघालेल्या मण्यांत आत काच सरळ दिसत होती. वरचा थर म्हणजे माशाच्या खवल्यांपासून केलेला लेप. मानेकडच्या गोल मोत्यात वेजाच्या आत एक बारीक रेघ: बाहेर मोत्याचा पातळ थर, आत वेगळाच मणी. आणि पुढच्या पिवळट मोत्यांचे वेज इतके बारीक की त्यांची नेहमीची सुई जाईना. "जुन्या काळी हातानं वेज पाडत. मोत्याचं वजन जाऊ नये म्हणून जेवढा बारीक जमेल तेवढा," ते म्हणाले. मग थांबले. "बसरा असावेत, आखातातले नैसर्गिक मोती. पण ताई, माझ्या 'असावेत'वर तुम्ही काही ठरवू नका. एक्स-रे काढून घ्या."

त्यांच्या या वाक्याने माझे पुढचे कित्येक महिने नीट गेले. तोवर अंदाज सांगणारे पुष्कळ भेटले होते, पण अंदाजावर थांबू नका म्हणणारे हे पहिलेच. पैसेही घेतले नाहीत.

घरी येऊन आजीच्या लग्नाचा फोटो स्कॅन करून मोठा केला. त्यात तन्मणी दिसतो, खोडही तेच. १९३७ साल ऐकून सराफांनी मान डोलावली होती, त्याचं कारण नंतर वाचताना कळलं. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये पहिला अर्धगोल कल्चर मोती काढला, पण गोल कल्चर मोती बाजारात नीट उतरले ते १९२० नंतर. त्याआधीची गोल मोत्यांची माळ असेल तर ती कल्चरची असणं जवळपास अशक्य. १९३७ मध्ये मात्र दोन्ही शक्यता होत्या. इराणच्या आखातात, बहारीनच्या आसपास निघालेले मोती मुंबईत येत, तिथेच निवडले, वेजले, ओवले जात आणि मुंबईतून जगभर जात. १९२९ ची मंदी आणि जपानी मोती, या दोन्हींनी मिळून तो धंदा बसवला. मग आखातात तेल निघालं आणि पाणबुडे तिकडे गेले. मोत्यांचे भाव पडले तेव्हाच मध्यमवर्गातल्या एका मुलीच्या लग्नात तीन पदर आले असतील का? मला तसं वाटतं. पुरावा नाही.

प्रयोगशाळा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. पॅन, आधार लागतं. सराफांनी सुचवल्याप्रमाणे खोड आधी माळेतून सोडवून घेतलं, कारण धातूची सावली एक्स-रेमध्ये पडते. ते सोडवताना पदरांची टोकं त्यांनी दोऱ्याने बांधून, वर चिठ्ठ्या लावून दिल्या: बाहेरचा, मधला, आतला.

८ फेब्रुवारीला पंचवटी एक्सप्रेसने निघाले. सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोड, डब्यात पासधारकांच्या गप्पा आणि माझी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. समोरच्या काकू विचारत्या झाल्या, "बरं नाही का वाटत?" दादरला उतरून टॅक्सी केली. दागिना घेऊन जाणार असाल तर सोबत कुणीतरी असू द्या आणि लोकलच्या गर्दीत शिरू नका. मी नवऱ्याला नेलं होतं, तो कसारा घाटापासून झोपलेला, तो भाग वेगळा.

तिथे माळ आपल्यासमोर मोजतात, तोलतात, मग पावती देतात. दोऱ्यासकट वजन १०.६ ग्रॅम, म्हणजे ५३ कॅरेट. पावतीवर मोत्यांची संख्या आहे ना, ते बघा. तेव्हा फी आठ हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९,४४०. ते किंमत सांगत नाहीत, फक्त काय आहे ते सांगतात, आणि तपासणीत मोत्याला इजा होत नाही. ही दोन वाक्यं काउंटरवरच्या बाईंनी इतक्या शांतपणे म्हटली की माझी पर्सवरची पकड सुटली.

अहवालाला महिना उलटून गेला. रोज मनात येई, हरवली असेल का, बदलली असेल का. दादाचा आठवड्याला फोन: "आला का गं?" मावशीचा रोज. मार्चच्या मध्यावर ईमेल आला आणि पुन्हा मुंबईला जाऊन माळ आणि अहवाल घेऊन आले.

२८६ पैकी २३१ नैसर्गिक, खाऱ्या पाण्यातले. ४४ कल्चर, तेही खाऱ्या पाण्यातले. उरलेले ११ काचेचे. कुठल्या पदरात कुठे काय, याची आकृती सोबत. नैसर्गिक मोती एक्स-रेत आतपर्यंत थरावर थर दिसतो. कल्चरमध्ये मधे गोल मणी साफ वेगळा दिसतो. तो मणी असतो गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचा, जपानी मोत्यांत बहुतेक करून अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातून आलेला. गोड्या पाण्यातल्या कवचात मँगनीज जास्त असतं, त्यामुळे एक्स-रे पडले की ते चमकतं. खाऱ्या पाण्यातलं चमकत नाही. आईच्या मानेवर अमेरिकेतल्या नदीचे शिंपले होते, हे ऐकून दादा किती तरी वेळ हसत होता.

हसता हसताच त्याला आठवलं. बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते आणि कामासाठी हैदराबादच्या कारखान्यात जायचे. सत्तरच्या दशकात कधीतरी माळ तुटली होती, मोती सांडून हरवले होते आणि बाबांनी पुढच्या हैदराबाद फेरीत एका पुडीत मोती आणले होते. दादा तेव्हा सात-आठ वर्षांचा. पुडीच्या गुलाबी कागदापर्यंत त्याला सगळं आठवतं. मला काहीच नाही, मी तेव्हा पाळण्यात. ते ११ काचेचे मात्र कुणाचे, कधीचे, कुणालाच सांगता येत नाही. कुण्या दुरुस्तीत मोती कमी पडले आणि कुणीतरी भरती केली. आईला ठाऊक होतं की नाही, याचा मी बराच काळ विचार केला. फारसा उपयोग नाही त्याचा.

आता किमतीबद्दल, कारण तो प्रश्न येतोच. "नैसर्गिक बसरा" म्हटल्यावर नात्यात ज्या कोटींच्या गप्पा सुरू झाल्या, त्या सराफांनी दोन मिनिटांत खाली आणल्या. मोत्याचा भाव चवीवर (चव म्हणजे वजनावरून काढायचं मोत्यांचं जुनं परिमाण) ठरतो आणि चव वजनाच्या वर्गाने चढते. दुप्पट वजनाचा मोती दुप्पट नव्हे, चौपट भावाचा. म्हणजे उलटही खरं: आमच्यासारखे तीन मिलिमीटरचे, झिजलेले, पिवळट मोती संख्येने दोनशेच्या वर असले तरी एका चांगल्या मोठ्या मोत्यापुढे नम्र. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून रीतसर किंमत लिहून घेतली, कारण दादाशी हिशेब कागदावर असावा असं दोघांनाही वाटत होतं. तन्मणी माझ्याकडे राहील, त्याच्या बदल्यात पाटल्या त्याच्याकडे, आणि त्याच्या मुलीच्या लग्नात तन्मणी तिच्या गळ्यात असेल. एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या. वहिनी म्हणाली, "एवढं लिहायची काय गरज होती?" माझ्या मते होती.

काय काढायचं आणि काय ठेवायचं, यावर मात्र कागद चालला नाही. मुंबईत धनजी स्ट्रीटवर शोधलं तर जुने नैसर्गिक मोती मिळतील, रंग जुळवून ५५ घ्या आणि माळ पुन्हा अस्सल करा, असा एक सल्ला आला. खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा होता. पण आवाक्यात असता तरी बाबांच्या पुडीतले मोती काढून दुसऱ्या कुणाच्या आजीचे घालायला मी तयार नव्हते. काचेचे ११ काढायचे, कारण त्यांची साल निघून शेजारच्या मोत्यांवर चिकटत होती. ४४ मागेच राहू द्यायचे. पदर बोटभर आखूड होतील, होऊ देत.

खोड सोनाराकडे दिलं. लाल खडे माणकं नाहीत, काच आहे, मागे चकाकीसाठी वर्ख, आत लाख भरलेली. मावशीला हे अजून सांगितलेलं नाही. अशा खोडाला पाणी लागलं की मागचा वर्ख काळा पडतो आणि आच लागली तर लाख वितळते, म्हणून सोनाराला दोन्ही करू नका असं स्पष्ट सांगा. चांगला सोनार तुम्ही सांगायच्या आधीच तसं म्हणतो. हलणाऱ्या खड्याचं कोंदण नुसतं दाबून बसवलं, १,८०० रुपये.

पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमात ओवून देणारा कारागीर, शोधणं सगळ्यात अवघड गेलं. नवी दुकानं मशीनने, नायलॉनवर ओवून देतात. जुने सराफच पुन्हा मदतीला आले. दहीपुलाकडे जाणाऱ्या एका बोळात, जिन्याखालच्या खोलीत एक आजोबा बसतात. मी "बाबा" म्हणते, ते मला "बाई". माळ पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, "मोजलेत का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतः मोजायला बसले.

त्यांचं काम मी समोर बसून पाहिलं; माळ तिथे ठेवून जायची छाती नव्हती आणि त्यांनाही ते आवडलं. रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, ताण हवा तेवढा अंगठ्याने कमी-जास्त. सुई बारीक वेजातून जात नव्हतीच, म्हणून रेशमाच्या दुसऱ्या टोकाला डिंक लावून, चिमटीत पिळून, वाळवून त्याचीच सुई केली. मोती बोटाने उचलत नव्हते. ओलसर टोक मोत्याला टेकवायचं, मोती आपसूक चढायचा. जो चढत नाही त्याला जबरदस्ती नाही, बाजूच्या वाटीत. वाटीतले शेवटी पुन्हा, ताज्या टोकाने. एकही वेज मोठा केला नाही. आधी प्रत्येक मोती ओलसर मऊ फडक्याने पुसून, सावलीत पसरून ठेवला होता. सफाई एवढीच.

प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायची का, यावर आमची चर्चा झाली. गाठी असल्या की माळ तुटली तरी मोती विखुरत नाहीत आणि एकमेकांवर घासतही नाहीत. पण बारीक मोत्यांत गाठी उठून दिसतात, पदर लांबतो, जुनी घट्ट ओवणी जाते. पटवेकरी बाबांचं म्हणणं, "खोडाजवळ आणि मागे, जिथे ओढ बसते, तिथे गाठी. मधे दहा-दहावर एक. दिसणारही नाही." तसंच केलं. नायलॉनबद्दल विचारलं तर म्हणाले, "दोरा टिकेल बाई, मोत्याचं तोंड कापेल. दोरा तुटला तर मी आहे."

ओवणीचे मोत्यामागे दहा रुपये, म्हणजे २७५ मोत्यांचे २,७५०; रेशीम आणि नवा गोंडा चारशे. गोंडा जुन्यासारखाच, हिरव्यात लाल. ११ काचेचे मणी त्यांनी कागदात बांधून परत दिले. १० मेला, अक्षय्य तृतीयेला, तन्मणी घरी आला. सकाळी मी घातला. मोती पांढरेशुभ्र वगैरे झालेले नाहीत, सायीचेच आहेत, मान वळवली की मागचे थोडे वेगळे दिसतात. मुलगी म्हणाली, "आजीसारखी नाही दिसत, पण चांगली दिसतेस." भाचीने व्हिडिओ कॉलवर "आत्या, जपून!" अशी तंबी दिली.

ठेवणीचं थोडं. अत्तर, पावडर, केसांचं तेल आधी, मोती सगळ्यात शेवटी. काढताना सगळ्यात आधी. काढल्यावर मऊ कापडाने पुसून सपाट ठेवायचा, टांगायचा नाही, नाहीतर रेशीम ताणतं. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत नको, सोन्याच्या बांगड्यांसोबत एका डब्यात नको, चरे पडतात. लॉकरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहण्यापेक्षा अधूनमधून घातलेला बरा. अहवाल, मूल्यांकन, पावत्या आणि दादासोबतचा कागद एका फाइलमध्ये आहे. फाइल दागिन्याजवळ नाही, वेगळीकडे आहे, आणि तिची एक प्रत दादाकडे.

अजून एक. पटवेकरी बाबा पावसाळ्यात मोती ओवत नाहीत. रेशीम सर्द होतं, ताण कळत नाही, आणि गोदेला पूर आला की त्या भागात सगळ्यांचं लक्ष नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं याकडे असतं. त्यांची नजर अजून चांगली आहे, पण वय आहे, आणि मुलगा पुण्यात कंपनीत लागलाय. ज्यांना माळ ओवून घ्यायची असेल त्यांनी गुढीपाडव्यानंतर लगेच जावं, सकाळी अकराच्या आत, मोती मोजून. दुपारी ते झोपतात.